प्रोसेसर तर थंड होता

"...पण प्रोसेसर तर थंड आहे न सर. मग मशीन मरते कशानं?"

पीयूषनं लांजेवार सरांना विचारलं. ते दाराकडं पाहत होते.

दारात पीयूषची बायको मोनाली उभी होती. दोन्ही हातांत मॉनिटर, खांद्याला वायरींची पिशवी. चपला तिनं पायानंच काढल्या.

"बसून जा, पोरी," सर म्हणाले.

"ती बसते हो सर. तुम्ही आधी हे पाहा."

भंडाऱ्यातली मे महिन्यातली दुपार. अशा वेळी गल्लीतलं कुत्रंसुद्धा नालीच्या सावलीतून उठत नाही. नागपूरहून इथवर यायला माणसाला एक तर फार मोठं काम असावं लागतं, नाहीतर डोकं तरी फिरलेलं असावं लागतं. पीयूष हटवारकडं दोन्ही होतं.

मशीन त्यानं गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून आणली होती. एसीच्या जाळ्याही तिच्याकडंच वळवल्या होत्या. बंद मशीनला गारव्याची काय गरज, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो मागं बसून डुलक्या घेत आला. गाडी मोनालीनं चालवली, आणि उन्हाची बाजू तिचीच होती.

सरांची खोली लहान. एक खाट, एक टेबल, खिडकीत लोखंडी कूलर. पीयूषनं आल्या आल्या टेबल ओढून कूलरच्या पुढ्यात घेतलं आणि मशीन त्यावर ठेवली. आपण स्टुलावर बसला. सर खाटेवर. मोनाली मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकली. तिथवर हवा पोचत नव्हती.

"लाइट जायच्या आधी सांग काय ते," सर म्हणाले. "इकडे दुपारची जाते."

लांजेवार सर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त झाले तरी कोणी त्यांना सोडलं नाही. जळालेली, रुसलेली, मधेच झोपणारी मशीन घेऊन पोरं लांबलांबून त्यांच्याकडं येत. सर तिला जगवत. फक्त एक सवाल आला की त्यांचा चेहरा उतरायचा. हिला अजून किती पळवता येईल, सर? सगळे तेच विचारत. सर त्या प्रश्नाला आता पार कंटाळले होते.

पीयूष त्यांचा आवडता विद्यार्थी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधीही न विसरणारा.

ओव्हरक्लॉकिंग हे त्याचं वेड. म्हणजे कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवायचं. शंकरपटाचा बैल पळवतात तसंच. बैल पळतो, पण त्याला खुराकही तसाच लागतो. प्रोसेसरचा खुराक वीज. पीयूष मशीन पळवायचा, त्याचे व्हिडिओ टाकायचा, आणि पोरं ते डोळे फाडून पाहायची. नागपुरातली स्पर्धा परवावर आली होती. मशीन पूर्ण ताणावर तासभर टिकवून दाखवायची. पीयूषनं जिंकणार म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं.

आणि मशीन पंधरा मिनिटंही टिकत नव्हती.

"मदरबोर्ड किती गेले?" सरांनी विचारलं.

"दोन. हा तिसरा."

"वास आला होता?"

"जळका. दोन्ही वेळा."

"कुठून?"

"कुठून म्हणजे... मशीनमधून."

सरांनी डोळे मिटले. ते झोपले की काय, असं पीयूषला वाटलं. त्यालाही झोप येत होती. गेले कित्येक दिवस तो धड झोपला नव्हता. आता रागवायचंही त्राण राहिलं नव्हतं, फक्त डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

"लावून दाखव," सर डोळे न उघडता म्हणाले.

पीयूषनं मागं वळून पाहिलंही नाही. मोनाली उठली. कोणती वायर कुठं जाते ते तिला ठाऊक होतं. तिनं मॉनिटर जोडला, माऊस त्याच्या हाताशी ठेवला आणि भिंतीला धरून पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली.

मशीन सुरू झाली. आत निळे दिवे लागले. प्रोसेसरवरून दोन जाड नळ्या वर जात होत्या, त्यांतून पाणी फिरत होतं. एका बाजूला काळ्या काचेच्या पट्टीवर अक्षरं उजळली. पीयूष हटवार.

"वॉटर कूलिंग आहे, सर," तो म्हणाला. हे सांगताना थकलेल्या आवाजातही थोडा जोर आला. "पाणी प्रोसेसरची गर्मी उचलते आणि वरच्या जाळीत नेऊन सोडते. याहून भारी काही नाही."

"आधी काय होतं?"

"पंखा. मोठा, ओबडधोबड. अर्धी मशीन त्यानंच अडली होती. काढून टाकला."

"तेव्हा मरत होती?"

"नाही. पण तेव्हा एवढी पळवतही नव्हतो न."

"पंखा कुठं आहे तो?"

"असंल घरी कुठंतरी. मोनालीला माहीत."

त्यानं मशीनला ताण दिला. पडद्यावर वेगाचा आकडा वर चढला आणि तिथंच उभा राहिला. खाली प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. अगदी निवांत होतं ते.

"पाहा सर. म्हणतो न मी. गार आहे."

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. कूलरजवळ गेले, एक बटण दाबलं, आणि परत येऊन बसले.

खोलीत एकदम शांतता झाली. कूलरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसावं म्हणून सरांनी तो बंद केला, असं पीयूषला वाटलं. त्याला बरंच वाटलं. तो बोलत राहिला. कोणता बोर्ड, कोणता प्रोसेसर, किती व्होल्ट दिले, कोणी कोणी काय काय सुचवलं. सर मधूनच हं म्हणत.

त्याच्या कानामागून घामाची धार निघाली. शर्ट पाठीला चिकटला.

"स्पर्धेत कोण आहे समोर?" सरांनी विचारलं.

"ते सोडा सर, ते काही..." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "सर, कूलर बंदच आहे न."

"नाही."

"गरम होऊन राहिलं न."

"पाणी चालू आहे."

पीयूषनं कान दिला. खरंच. आतला पंप चालू होता. बाजूच्या वाळ्याच्या टट्टीवरून पाणी टपटप गळत होतं. वाळा ओला होता, त्याचा वाससुद्धा येत होता. फक्त पंखा थांबला होता.

"पण हवा नाही न, सर."

"पाणी तर चालू आहे," सर पुन्हा म्हणाले. "याहून भारी काही नाही म्हणाला तू."

...

पीयूष बुद्धू नव्हता. तो सरांकडं पाहत राहिला, मग मान वळवून मशीनकडं पाहिलं. त्याच क्षणी पडद्यावरचा वेगाचा आकडा घसरला. थोडा. मग आणखी थोडा. प्रोसेसरचं तापमान होतं तिथंच होतं.

"प्रोसेसरले वीज कोण देते?" सरांनी विचारलं. वर्गात विचारत तसंच.

"बोर्डावरचं पॉवर सर्किट," पीयूषनं उत्तर दिलं, तेही वर्गात देई तसंच. "बारा व्होल्ट येतात. प्रोसेसरला एवढे चालत नाहीत. हे त्याचे एक-सव्वा करते आणि त्याला पुरवते."

"तू पळवतो कोणाले?"

"प्रोसेसरला."

"आणि जास्तीची वीज कोणी वाहून आणायची?"

पीयूषची नजर बोर्डावर गेली.

"कुठं बसते ते सर्किट?"

त्यानं बोट दाखवलं. प्रोसेसरच्या कडेला चांदीच्या रंगाच्या दोन ठोकळ्या होत्या. त्यांच्याच खाली ते सगळं सर्किट. आणि ठोकळ्यांच्या बरोबर वर, झाकणासारखी, त्याच्या नावाची पट्टी.

"त्यांचं तापमान किती आहे?"

"माहीत नाही, सर. या बोर्डात त्यांचा आकडा पडद्यावर येत नाही." तो जरा थांबला. "त्यांनी कधी काही सांगितलंच नाही."

"हात लावून पाहा."

पीयूषनं पट्टीच्या खालून बोट सरकवून ठोकळीला टेकवलं. चर्रकन भाजलं. त्यानं बोट तोंडात घातलं.

"नाव काढ," सर म्हणाले.

पट्टी नुसती अडकवलेली होती. ओढल्याबरोबर निघून आली आणि अक्षरं विझली. नाव मोठं लक्षण खोटं, असं सर म्हणाले असते तरी चाललं असतं. ते तसलं काही म्हणाले नाहीत. त्यांनी ती पट्टी पीयूषच्या हातातून घेतली, मशीनच्या उघड्या बाजूशी वाकले, आणि चुलीला वारा घालावा तसा त्या ठोकळ्यांना वारा घालू लागले.

सावकाश. म्हाताऱ्या हातानं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावरचा आकडा हलला. वर गेला. आणखी वर गेला, आणि मूळ जागी येऊन थांबला.

पीयूष बघत बसला. किती दिवस. दोन बोर्ड. आणि काखेत कळसा.

आता त्याला सगळं लख्ख दिसत होतं. तो जुना ओबडधोबड पंखा प्रोसेसरला वारा घालायचा, आणि त्यातला सांडलेला वारा बाजूच्या या ठोकळ्यांपर्यंत जायचा. तशी कोणी सोय केली नव्हती. आपसूक होत होतं. पाण्यानं प्रोसेसरला न्हाऊ घातलं आणि बाकीच्यांचा तेवढा सांडलेला वाराही गेला. वरून आपण नावाचं झाकण घातलं.

"एक छोटा पंखा लावला इथं, तर झालं," तो स्वतःशीच म्हणाला. "एवढंच."

"एवढंच," सर म्हणाले. ते धापा टाकत होते. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि कूलरचं बटण पुन्हा दाबलं. वारा सुटला.

पीयूषनं सुस्कारा सोडला. आणि तेवढ्यात लाइट गेली.

मशीन विझली. कूलरचं पातं दोन गिरक्या घेऊन थांबलं. गल्लीतल्या सगळ्या घरांचा आवाज एकाच वेळी बंद झाला.

"गेली," सर म्हणाले. "आता संध्याकाळच्या आत येत नाही."

"जाऊ द्या सर. काम झालं." पीयूष उठून वायरी काढू लागला. त्याच्या अंगात नवीनच बळ आलं होतं. "आता निघतो. घरी जाऊन पंखा लावतो, रात्रभर चालवून पाहतो, परवा सरळ स्पर्धेत. मोनाली, चल."

मोनाली उठली नाही.

"झोपली असंल," तो सरांना म्हणाला. "थकते ती."

"गाडी कोण चालवते?"

"तीच. माझी झोप नाही न झाली, सर. डोळे मिटतात माझे. ती आहे म्हणून सगळं चालू आहे."

"तिची झाली?"

"काय?"

"झोप."

पीयूषचा हात वायरीवर थांबला. तो रात्री मशीनशी झुंजत असे तेव्हा चहा येई. कधी पोहे येत. ज्यांची कामं त्यानं लांबवली होती त्या लोकांचे फोन ती घेई, त्यांची बोलणी ऐकून घेई. सकाळी त्याच्या आईबाबांचं सगळं तीच बघे. ती झोपत कधी असेल, हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता.

"ती ठीक असते, सर," तो म्हणाला. "तिनं कधी काही सांगितलंच नाही."

हे वाक्य आपण मघाशीच बोललो, असं त्याला वाटून गेलं.

सरांनी कोपऱ्याकडं पाहिलं. खूप थकलेली होती ती नजर.

"हात लावून पाहा."

पीयूष कोपऱ्यात गेला. मोनालीचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. ओठ सुकले होते. चेहरा लाल, पण घामाचा एक थेंब नाही. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला.

हात झटकन मागं आला.

तिनं डोळे उघडले. त्याला पाहून पदर सावरला, जणू तिलाच उशीर झाला होता.

"निघायचं का?" ती म्हणाली. "मॉनिटर राहू द्या, मी घेते."

तिनं जमिनीला हात लावून उठायचा प्रयत्न केला. गुडघे उचललेच नाहीत. ती पुन्हा बसली आणि ओशाळं हसली.

"दोन मिनिटं द्या फक्त. मग चालवते मी."

दोन बोर्ड जळाले तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता.

"ऊन लागलं तिले," सर म्हणाले. ते कधी उठले ते त्याला कळलं नव्हतं. त्यांच्या हातात पाण्यात भिजवलेला पंचा होता. "खाटेवर घे. डॉक्टरीणबाई नाक्यावरच राहते, फोन केला मी. निघाली आहे."

दोघांनी तिला खाटेवर निजवलं. सरांनी पंचा तिच्या कपाळावर, मानेवर फिरवला. पन्ह्याचा पेला तिच्या तोंडाशी धरला. घोटघोट पाजलं. खोली भट्टीसारखी तापली होती आणि दारं उघडूनही वाऱ्याचं नाव नव्हतं.

पीयूष नुसता उभा होता. जगातला कुठलाही आकडा त्याच्या कामाचा नव्हता.

सरांनी टेबलावरची पट्टी उचलून त्याच्या हातात दिली.

...

तो खाटेच्या कडेला बसला आणि वारा घालू लागला. आधी घाईघाईनं, मग सरांनी घातला होता तसा सावकाश. काळ्या काचेवरचं त्याचं विझलेलं नाव तिच्या तोंडावरून इकडून तिकडं जात होतं, तिकडून इकडं येत होतं.

"राहू द्या," मोनाली पुटपुटली. "हात दुखंल तुमचा."

"तू पड."

"परवा स्पर्धा आहे न तुमची."

"पड म्हटलं न."

ती पडून राहिली. सर तांब्यातल्या पाण्यात पंचा पुन्हा पुन्हा बुडवत होते, पिळत होते. बाहेर एक सायकल गेली. पीयूषचा खांदा भरून आला, मग दुखू लागला, मग दुखण्यापलीकडं गेला. या हातानं आपण कधी कोणाला वारा घातला होता, हे त्याला आठवेना.

हळूहळू तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब दिसला. मग दुसरा.

"सुटला घाम," सर म्हणाले.

पीयूषच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, कारण हात मोकळा नव्हता.

मोनालीनं डोळे मिटून घेतले. श्वास संथ झाला. आता ती नुसती झोपली होती, कितीतरी दिवसांनी. डॉक्टरीणबाईंची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वाजली. उन्हं कलायला लागली होती. दारातून एक तिरीप आत येऊन टेबलावरच्या मशीनवर पडली. उघड्या बाजूनं त्या दोन चांदीच्या ठोकळ्या चमकल्या.

पीयूषनं तिकडं पाहिलं.

आज इथंच राहायचं, हे तर ठरलंच. हिला घेऊन निघणं शक्य नव्हतं. पण मग पंखा कधी लावायचा? उद्याचाही दिवस इथंच गेला तर रात्रभर चालवून पाहणं कसं व्हायचं? न तपासता मशीन तशीच स्पर्धेत नेली आणि पोरांसमोर तिसरा बोर्डही जळाला तर...

"सर..." तो हळूच म्हणाला. "परवा टिकंल न हो ती? पूर्ण तासभर?"

सर पंचा पिळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हात थांबला तुझा," ते म्हणाले.